'रायव्हल'मधला खडा

४ मे

धाकट्या,

फोन उचलत नाहीस, म्हणून हा कागद. फाडायचा म्हटला तरी तो हातात घ्यावा लागेल, आणि एकदा हातात घेतलास की वाचल्याशिवाय तुला राहवणार नाही. मी तुला पाळण्यात असल्यापासून ओळखते. आशीर्वाद शेवटी देईन, तोवर माझा राग निवळला तर.

तुमच्या नव्या इंग्रजी-मराठी कोशाची नमुना पुस्तिका काल आमच्या कोशाच्या ऑफिसात आली. टपाल आप्पा स्वतः फोडतात. मुख्य संपादकाचा मान म्हणून नव्हे, मी फोडलं तर काहीतरी दडवीन अशी त्यांची खात्री आहे म्हणून. संपादकांच्या यादीत तुझं नाव दिसलं आणि त्यांनी भिंग मागितलं. मग डबा नाही, चहा नाही, खुर्चीतून उठणं नाही. मी समोर प्रुफं तपासत होते, म्हणजे तपासण्याचं सोंग करत होते. तुला वाटेल, स्वतःच्या मुलाचं पुस्तक म्हणून तोंडाचा पट्टा सुरू झाला असेल. तसं काही झालं नाही. आर या अक्षराच्या पानांपाशी ते थांबले आणि हसले.

ते हसणं मी याआधी एकदाच ऐकलंय. कधी ते विचारू नकोस. 

मला एवढंच सांग, आरची पानं कुणी लिहिली? सगळी नकोत. फक्त 'रायव्हल'.

नोंद छान झाली आहे, खोटं कशाला बोलू? लॅटिनमधला ओढ्याचा शब्द, त्यावरून एकाच ओढ्याचं पाणी घेणारे ते 'रिवालिस'. शेजारी शेजारी राहणारी, एका पाण्यावर जगणारी माणसं. पाणी कमी पडलं की भांडत असणार, म्हणून लॅटिनमध्येच ओढा मागे पडला आणि एकाच बाईवर जीव जडलेल्या दोघांना तो शब्द चिकटला. इंग्रजीत येऊन तो सगळ्या चढाओढीचा झाला. 'रिव्हर'चा याच्याशी संबंध नाही, तो काठाच्या शब्दावरून आला, हेही तू ठासून लिहिलं आहेस. ते वाचताना आप्पांनी मान डोलावली, मी पाहिलं. मग खाली मराठी पर्याय: प्रतिस्पर्धी, स्पर्धक, आणि शेवटी तो एक. त्या शेवटच्यावर भिंग बराच वेळ राहिलं.

हाताखालच्या कुणी नवख्याने लिहिलं असेल तर तसं कळव. ताबडतोब कळव. आणि उत्तर ऑफिसच्या पत्त्यावर पाठवू नकोस, घरी माझ्या नावाने पाठव. का, ते आत्ता विचारू नकोस.

ताई

१० मे

शहाण्या,

"शब्दन् शब्द माझा आहे आणि मला त्याचा अभिमान आहे." वा रे वा! काय पण मुहूर्त शोधलास अभिमान बाळगायला. मी देव पाण्यात घालून बसले होते की तू म्हणशील, अमक्याने लिहिलं, मी नुसती नजर फिरवली. पण तू कसला म्हणतोस? आप्पांचाच मुलगा.

आता ऐक. आणि उभा असशील तर बस.

तू आमच्याकडे इतकी वर्षं काम केलंस, पण खडा तुला माहीत नाही. माहीत असायचा नसतोच. कोश सुरू करणारे आपले थोरले संपादक ही प्रथा घालून गेले. प्रत्येक खंडात एक पर्याय मुद्दाम खोटा घालायचा. दिसायला अगदी खरा, पण कुणाच्याही तोंडी नसलेला, संपादकाने बसल्या जागी घडवलेला. आपलं भांडार कुणी न निवडता पोत्यासकट उचललं, तर तांदळातला खडा दाताखाली यावा तसा तो त्याच्या कोशात सापडतो आणि चोर पकडला जातो. खडा कुठे आहे ते दोघांनाच ठाऊक असतं. मुख्य संपादक आणि त्याने निवडलेला एक साक्षीदार. आरचा खंड तू भांडून गेल्यावर छापला. त्याची साक्षीदार मी आहे. आप्पांनी मला खडा सांगितला, तेव्हा ते तसे हसले होते, आणि मी तोंडाला कुलूप लावायची शपथ घेतली होती.

शपथ मोडतेय का मी? आप्पांनी काल वकिलांना सगळं सांगितलं, म्हणजे आता ते गुपित राहिलं नाही, अशी मी माझी समजूत घातली आहे. तूही घालून घे.

पाणवाटेकरी. तो खडा आहे. एका पाण्यातला वाटा घेणारा, मूळ अर्थाला चपखल, ऐकताक्षणी पटणारा. पुढे 'बोली' असा शेरा मारून दिला की झालं. आप्पांनी घडवलेला शब्द, आणि तो तुझ्या पुस्तिकेत बसलाय, अक्षरशः तोच.

वीस तारखेला वकील तुमच्या प्रकाशकाला नोटीस धाडणार आहेत. तुमचे मालक कसे आहेत ते तूच एकदा सांगितलं होतंस, साधी तक्रार आली तरी त्यांचं धाबं दणाणतं. छपाई थांबेल, तुझी इतकी मेहनत रद्दीत जाईल, आणि कोशाचं काम करणारा कुणीही यापुढे तुला दारात उभा करणार नाही. आपल्या या धंद्यात चोर म्हणून नाव झालं की ते पुसत नाही. तुला दुसरं काही येतही नाही रे. साधा चहा धड येत नाही.

आणि यात माझी अडचण अशी की खडा खोटा होता हे एकट्या आप्पांनी सांगून चालत नाही. साक्षीदाराची सही लागते. काल जेवताना मीठ मागावं तसं त्यांनी मला विचारलं, "सही करशील ना?" मी म्हटलं, "बघू." ते म्हणाले, "यात बघायचं काय?" आणि ताक मागितलं.

म्हणून सरळ विचारते. आमच्या खंडातून उचललास का? उचलला असशील तर तसं सांग. मी चार शिव्या देईन आणि मग काय करायचं ते दोघं मिळून ठरवू. फक्त माझ्याशी खोटं बोलू नकोस. सगळ्या जगाशी बोल, माझ्याशी नको.

ताई

१५ मे

धाकट्या,

तुझं पत्र काल जिन्यातच फोडलं आणि तिथेच पायरीवर बसले. खालच्या मजल्यावरच्या बाई विचारायला लागल्या, बरं वाटत नाही का म्हणून. चक्कर आली असं सांगून वेळ मारून नेली.

तू लिहितोस, तो आईचा शब्द आहे. जुन्या घराच्या बोळातल्या नळावर आपण आणि समोरच्या काकू पाणी भरायचो, तेव्हा आई काकूंना त्याच नावाने हाक मारायची. तू तिच्या कडेवर असायचास, शाळेत जायला लागेपर्यंत रोज ऐकलास. आणि तू आमचा आरचा खंड उघडूनही पाहिला नाहीस, कारण तू गेल्यावर निघालेल्या खंडाला हात लावायचा नाही असं तू ठरवलं होतंस. हे शेवटचं मला लगेच पटलं. इतका हट्टी तूच असू शकतोस.

पण आईचं? खरं सांगू? मला आठवत नाही. नळ आठवतो, त्याच्या तोंडाला बांधलेलं फडकं आठवतं, बादल्यांवरून त्या दोघींची रोजची हमरीतुमरी आणि लगेच पुढचं खिदळणं आठवतं. पण सुट्टीचा दिवस सोडला तर पाणी यायच्या वेळी माझी शाळा असायची. तो शब्द माझ्या कानात नाहीच. तुझं पत्र दोनदा वाचलं आणि माझ्या मनात काय आलं, तेही लिहिते. चोरसुद्धा हेच सांगेल. आईला जाऊन इतकी वर्षं झाली, तिला कोण विचारायला जाणार?

मग तुझी पुस्तिका आप्पांच्या टेबलावरून गुपचूप आणून पाहिली. आमच्या खंडात त्या शब्दापुढे 'बोली' आहे. तुझ्याकडे 'घरगुती' आहे. उचलणारा माणूस शेरा कशाला बदलेल? मला हायसं वाटलं, पण वकिलाला एवढ्याने पटणार नव्हतं.

काल जेवणं झाल्यावर मी आप्पांना सहज विचारावं तसं विचारलं, "तो खडा तुम्हाला सुचला कसा हो?"

"सुचला."

"म्हणजे जोडजोड करून पाहिलीत, पाच-सहा बनवले, त्यातला एक निवडलात, असं?"

"छे! एरवी खडा घडवायचा म्हणजे डोक्याचं भुस्कट पडतं. हा आयता आला. पेन टेकवलं आणि आला." आणि सांगताना त्यांचा चेहरा असा काही खुलला!

आयता आला म्हणे. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "आई म्हणायची तो शब्द. धाकटा सांगतोय."

मग जे झालं ते तू ऐकलं नाहीस हे बरं. चोर तो चोर आणि वर मेलेल्या आईच्या पदराआड लपतो, इथपासून सुरुवात. मी त्याला फितूर, मी घरभेदी, घरात त्याची पत्रं येतात आणि ते त्यांच्या लक्षात कसं आलं नाही. मीही गप्प बसले नाही. मी म्हटलं, तुम्ही घरातल्या माणसाचं कधी ऐकलं आहे का? त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर आलं, "घरच्या माणसाचा शब्द हा पुरावा नसतो." याच वाक्यावरून तू ऑफिसातून उठून गेलास. स्वयंपाकघरात बोललं जातं तेही कोशात आलं पाहिजे, असं तू म्हणत होतास, आणि ते म्हणत होते की आपल्याच घरचं टिपत बसलो तर कोश कसला, कौतुकाची वही होईल. तेव्हा मला दोघांचंही पटत होतं आणि मी दोघांनाही ते सांगितलं नाही.

ओरडून ओरडून आप्पा दमले. पाणी प्यायले. आणि मग मुख्य संपादकाच्या आवाजात म्हणाले, "बोलणारा आण. जिवंत, घराबाहेरचा, आणि न विचारता बोलणारा. तुला कायदा ठाऊक आहे."

ठाऊक आहे. तुलाही आहे. शब्द बोलणाऱ्याच्या तोंडात घालायचा नाही. सुताराला जाऊन "याला रंधा म्हणतात ना?" असं विचारलं की तो बिचारा हो म्हणणारच. विषय काढायचा, गप्प बसायचं आणि तो आपणहून काय म्हणतो त्याची वाट बघायची. त्याच्या तोंडून आला तर शब्द, नाही आला तर नाही.

असं माणूस एकच उरलंय, समोरच्या काकू. आता त्या मुलाकडे असतात, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. आप्पा म्हणाले, "मी स्वतः येणार. तू एकटी गेलीस तर पढवून ठेवशील." ठरलं ते असं. आम्ही दोघांनी तो शब्द उच्चारायचा नाही, सुचवायचाही नाही. काकूंच्या तोंडून आपणहून आला तर नोटीस नाही. आमच्या भेटीत आला नाही, तर वीस तारखेला मी सही करायची.

मी हो म्हटलं. वाचून तू भिंतीवर डोकं आपटशील, मला माहीत आहे. पण त्यांनी एवढंसं दार किलकिलं केलं होतं, ते आपटून बंद होऊ द्यायचं का? आणि मलाही कळून घ्यायचं आहे, तू खरं बोलतोस की नाही. रागाव हवं तर. गुरुवारी जातोय.

ताई

१९ मे

धाकट्या,

घरी आल्या आल्या लिहायला बसले आहे. घाईत लिहितेय, अक्षर लावून घे.

काकू सोफ्यावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. आम्हाला बघून त्यांना कोण आनंद! "अगं बाई, भाऊजी! वाट चुकलात की काय?" आप्पांना त्यांनी मोठ्या खुर्चीत बसवलं, सुनेला चहा टाकायला सांगितलं, माझे गाल कुरवाळले. आप्पा हाताची घडी घालून बसले. त्यांनी अगदी इमानदारीने काम केलं, हे मान्य करायला हवं. चेहऱ्यावर रेघ हलू दिली नाही.

आणि काकू बोलल्या. बाप रे, किती बोलल्या! गुडघ्यांवर बोलल्या, मुलाच्या बढतीवर बोलल्या, सुनेसमोर सुनेवर बोलल्या. मी म्हटलं, "काकू, जुन्या घराची आठवण येते का हो?" तर त्या ढेकणांवर गेल्या. ढेकणांवरून घरमालकावर. घरमालकावरून त्याच्या दुसऱ्या लग्नावर. मी मनातल्या मनात त्यांना ढकलत होते, बोळात चला, काकू, बोळात चला.

शेवटी गेल्या एकदाच्या. "आणि तो मेला नळ! धार कसली, नुसती करंगळी! तुझ्या आईची आणि माझी रोज जुंपायची."

  कपबशीचा आवाज होईल म्हणून मी चहासुद्धा पिईना.

"पण भांडावं तर तुझ्या आईशीच. माझी सख्खी बहीण नाही इतकी जवळची. नुसती शेजारीण नव्हती गं ती, ती माझी..."

मी पुढे सरकून बसले.

"...ती माझी मैत्रीण होती," काकू म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले.

मैत्रीण! मला त्यांना धरून गदागदा हलवावंसं वाटलं. बहीण झाली, शेजारीण झाली, मैत्रीण झाली, भांडकुदळ झाली, दोनदा तर लबाड पण झाली. मराठीत बाईला म्हणता येईल ते सगळं म्हणून झालं, तेवढं एक सोडून. मी धीर सोडला आणि विचारलं, "तुम्ही दोघी एकमेकींना हाक काय मारायचात?"

"हा प्रश्न चालणार नाही," आप्पा म्हणाले.

काकू बावरल्या. "काय झालं भाऊजी?"

"काही नाही. तुम्ही बोला."

पण त्यांचा धागा तुटला तो तुटलाच. त्या पुन्हा गुडघ्यांवर आल्या. सूनबाई कप घेऊन गेल्या. आणखी थोडा वेळ आम्ही बसलो. मग आप्पा उठले. धाकट्या, ते जिंकले होते, पण तोंडावर आनंद दिसत नव्हता. थकल्यासारखे दिसत होते. दाराशी स्टुलावर बसून त्यांनी बूट घालायला घेतले. मी त्यांच्या शेजारी उभी होते आणि डोक्यात एकच चाललं होतं, उद्या सही. उद्या मी माझ्या भावाला चोर म्हणून लिहून देणार. मला रडू येत होतं आणि काकूंना वाटत होतं मी त्यांच्या मायेने रडतेय.

तेवढ्यात आतून सूनबाईंनी ओरडून सांगितलं, "आई, पाणी आलं!"

त्या इमारतीतही पाण्याची बोंब आहे, दुपारी थोडा वेळ येतं. काकूंचे गुडघे क्षणात बरे झाले. त्या आम्हाला ओलांडून जिन्याच्या कठड्यापर्यंत आल्या, आम्ही तिथे आहोत हेही विसरल्या, आणि समोरच्या बंद दाराकडे तोंड करून खणखणीत आवाजात ओरडल्या,

"अहो पाणवाटेकरीणबाई! आलं हो, बादल्या काढा!"

समोरचं दार उघडलं. माझ्याहून तरुण बाई, केस पुसत, हसत म्हणाली, "आले, आले काकू, आज आधी तुमचं भरा." आणि आत गेली. रोजचं असल्यासारखं.

मी आप्पांकडे बघायचं धाडस केलं नाही. आवाज ऐकला फक्त. "काय म्हणालात तुम्ही तिला?"

"कुणाला? हिला होय?" काकू हसल्या. "आमची दोघींची टाकी एकच आहे ना. म्हणून. अहो, तुमच्या घरचंच आहे ते. वहिनी मला म्हणायच्या की. मी हिला म्हणते, आता ही मला म्हणते."

"कुठे म्हणायच्या?"

"कुठे म्हणजे? नळावर. तुमच्या खिडकीखाली नव्हता का नळ? तुम्ही टेबलाशी लिहीत बसलेले असायचात, डोकं दिसायचं तुमचं. वहिनी रोज हाक द्यायच्या, मी समोरून उत्तर द्यायचे. तुम्हाला कधी ऐकू आलं नाही?"

 आप्पांच्या एका पायात बूट, दुसरा हातात. मीच खाली बसून तो त्यांच्या पायात चढवला आणि नाडी बांधली.  एरवी नाडीला हात लावू देतात का ते?

 घरी आल्यावर त्यांनी खोलीत जाऊन दार लावून घेतलं. ठरल्याप्रमाणे नोटीस जायला नको, पण त्यांच्या तोंडून तसं अजून आलेलं नाही. उद्या सकाळी वकील येतील. माझा जीव टांगणीला लागलाय.

तू खरं बोललास. मी शंका घेतली, माझं चुकलं.

ताई

२२ मे

धाकट्या,

नोटीस जाणार नाही. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं नीट वाचशील. तुझा कोश छाप, त्या शब्दासकट छाप, कुणी अडवणार नाही.

शुक्रवारी वकील कागद तयार करूनच आले होते. माझ्यापुढे सहीची जागा दाखवून ठेवली, पेन काढून दिलं. आप्पा म्हणाले, "ते पेन परत घ्या. चोरी झाली आहे, साहेब, पण चोर मी आहे."

वकिलांना वाटलं गंमत करताहेत. ते हसले.

"शब्द माझ्या बायकोचा आहे. मी तो तिच्याकडून घेतला, माझा म्हणून मिरवला, आणि वर खोटा म्हणून छापला."

"पण आप्पासाहेब, कायद्याने बघायला गेलं तर..."

"कायदा तुमचा तुम्ही बघा."

वकील माझ्याकडे बघायला लागले, म्हाताऱ्याचं काही बिनसलंय का, अशा नजरेने. मी त्यांना दारापर्यंत सोडलं आणि काही सांगितलं नाही. एकूण हिशेब असा की आमच्या आरच्या खंडात आता एकही खडा नाही, सगळे तांदूळच. थोरले संपादक असते तर त्यांनी बापलेकीला एकदमच घरी बसवलं असतं.

तुला वाटेल, आप्पा विरघळले. अजिबात नाही. दुपारी मी एक काना विसरले म्हणून सगळ्यांसमोर माझी खरडपट्टी काढली. तुझं नावही घेतलं नाही. मी हळूच म्हटलं, "धाकट्याला कळवू का?" तर म्हणाले, "तू कळवल्याशिवाय राहणार आहेस?"

मात्र संध्याकाळी सगळे गेल्यावर ते कपाटांपाशी उभे होते. बोलणाऱ्यांच्या चिठ्ठ्यांची ती कपाटं. सुतार, नर्सबाई, ट्रकवाला, तुरुंगातून सुटून आलेला तो एक, फुलं विकणारी, सगळे आहेत तिथे, कोण कसं बोलायचं तेसुद्धा आप्पांना तोंडपाठ. त्यांनी कोरी चिठ्ठी घेतली, शब्द लिहिला, अर्थ लिहिला. 'बोलणारी' या जागी पेन थांबलं. मी विचारलं, काय झालं. म्हणाले, "इथे तिची एकही चिठ्ठी नाही." मी म्हटलं, घरच्यांची घ्यायची नाही हा तुमचाच नियम. ते म्हणाले, "हो. माझाच." आणि चिठ्ठी तशीच अर्धी खिशात घालून घरी आले.

आज सकाळी चहा घेताना त्यांनी मला विचारलं, "तो आईची नक्कल करायचा ना?"

कोण ते सांगितलं नाही. मी म्हटलं, "हो, करायचा. हुबेहूब. तुमच्या मागे करायचा, तुम्ही आलात की बंद."

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "अजून येते का त्याला?"

"मला काय माहीत? तुम्ही विचारा."

"तू विचार," म्हणाले. आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ती काय म्हणायची ते आता कळलं. कशी म्हणायची ते काही केल्या ऐकू येत नाही."

म्हणून विचारते. येते का रे तुला अजून? माफी मागायची असं त्यांनी म्हटलेलं नाही, म्हणणारही नाहीत, उगाच आशा लावून येऊ नकोस. तू आलास तर ते बहुतेक आधी तुझ्या पुस्तिकेतल्या चुकाच काढतील, खुणा करून ठेवल्या आहेत. आला नाहीस तरी तुझ्या कोशाला धक्का लागणार नाही, त्याचा याच्याशी संबंध नाही. शनिवारी ऑफिस बंद असतं. मी घरीच असेन.

काल मीही अंथरुणावर पडून किती प्रयत्न केला. बादली, फडकं, बोळ, सगळं दिसतं. तिचं तोंड हलताना दिसतं. आवाज नाही येत. ये रे. एकदाच हाक मार तिच्यासारखी, मग वाटलं तर लगेच परत जा.

तुझी
ताई